रांगोळीचे ठिपके आणि कोडिंगचे धडे

दोहात लेकीकडे आलो की पहिल्या आठवड्यातच कुणीतरी तरुण आई-बाबा मला गाठतात. कधी मंडळाच्या कार्यक्रमात, कधी इमारतीच्या लिफ्टमध्ये. मी पस्तीस वर्षे महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवले, हे आता इथे बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. प्रश्न ठरलेला असतो. "काका, मुलगी सहा वर्षांची झाली. कोडिंगचा ऑनलाइन क्लास लावू का? सगळ्यांनी लावलाय. ही मागे तर नाही ना पडणार?"

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. आपण घरदार सोडून इथे आलो ते बऱ्याच अंशी मुलांसाठीच. त्यांचे काही राहून जाऊ नये ही काळजी खरी आहे. पण उत्तर देण्याआधी मी एक उलटा प्रश्न विचारतो. "तिला लिंबू सरबत करता येतं का?"

समोरचा माणूस बुचकळ्यात पडतो. म्हणून हा लेख.

रोबो आजोबा

गेल्या हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी आमच्या इमारतीतली सात-आठ मराठी मुले आमच्याकडे जमू लागली. सहा ते बारा वयाची. पहिल्या दिवशी मी टेबलावर लिंबे, साखर, मीठ, पाणी आणि चमचा ठेवला आणि जाहीर केले, "आज मी रोबो. मला काहीही कळत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच आणि सांगाल तसंच करणार. माझ्याकडून सरबत करून घ्या."

"लिंबू पिळा," पहिली सूचना आली. मी अख्खे लिंबू ग्लासावर धरून जोर लावला. थेंब पडेना. मुले हसून लोटपोट.

"आधी कापा!"

"काय कापू?"

"लिंबू कापा! दोन भाग करा!"

पुढे कुणीतरी म्हणाले, "साखर घाला." मी डबा उचलला आणि ग्लासात ओतायला लागलो. "थांबा, थांबा!" असा गलका झाला. "किती चमचे ते कुठे सांगितलंत?" मी विचारले. मग आले, "आता ढवळा." मी ढवळत राहिलो. एक मिनिट, दोन मिनिटे. मुले कंटाळली. "आजोबा, बस ना आता!" मी म्हटले, "कधी थांबायचं ते तुम्ही सांगितलेलं नाही."

क्षणभर शांतता. मग आठ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "साखर दिसेनाशी होईपर्यंत ढवळा."

माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा एक मुद्दा शिकवायला मला दोन तास लागत. एखादी कृती अमुक अट पुरी होईपर्यंत करत राहायची, याला प्रोग्रामिंगमध्ये लूप म्हणतात. त्या मुलीने तो शोधून काढला, तोही सरबताच्या ग्लासात.

हे नेमके काय शिकवायचे असते?

याला कॉम्प्युटेशनल थिंकिंग म्हणतात. मराठीत आपण संगणकीय विचारपद्धती म्हणू. २००६ साली प्रा. जेनेट विंग यांनी या नावाचा एक छोटा लेख लिहिला आणि तिथून हा शब्द जगभर पसरला. त्या तेव्हा अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांचे म्हणणे सोपे होते. ही विचारपद्धती फक्त संगणकतज्ज्ञांची नाही. वाचन, लेखन आणि अंकगणित जसे प्रत्येकाला लागते, तशीच हीही प्रत्येकाला लागते.

तिचे चार भाग सांगतात. ते आपल्या घरातल्या फराळावरून लगेच समजतील. फराळ हे मोठे काम, म्हणून आपण त्याचे तुकडे पाडतो: चिवडा, चकली, लाडू, करंजी. मग त्यांतले सारखेपण ओळखतो. चकली आणि करंजी दोन्ही तळायच्या, मग कढई एकदाच तापवावी. तिसरे, या घडीला जे बिनमहत्त्वाचे आहे ते बाजूला ठेवतो. पीठ मळताना डबा निळा की लाल याचा विचार करत नाही. आणि शेवटी सगळ्या पायऱ्या क्रमाने लावतो. आधी भाजणी, मग पीठ, मग तळण. आपल्या आया-आज्या हे सगळे रोज करत आल्या. त्यांनी त्याला नाव दिले नव्हते, एवढेच.

पायऱ्यांच्या अशा क्रमाला अल्गोरिदम म्हणतात. या शब्दाची गोष्ट आपल्या इथल्या मुलांना मी आवर्जून सांगतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी नावाचे मोठे गणिती होऊन गेले. भारतीय अंकांनी आकडेमोड कशी करावी यावर त्यांनी अरबीत पुस्तक लिहिले. बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर झाले, आणि युरोपियन जिभेवर त्यांच्या नावाचे 'अल्गोरिझ्मी' झाले. त्यातून अल्गोरिदम. म्हणजे अंक भारतातले, पुस्तक अरबीतले आणि शब्द जगाचा. शाळेत अरबी शिकणाऱ्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हे ऐकून जरा ताठ बसावेसे वाटते, हे मी पाहिले आहे.

एज्युकेशन सिटीतली अ‍ॅलिस

प्रा. विंग यांच्या त्या कार्नेगी मेलन विद्यापीठाची एक शाखा आपल्या दोहातच आहे. २००४ पासून ती एज्युकेशन सिटीत चालते. या विद्यापीठात प्रा. रँडी पॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ‍ॅलिस' नावाचे सॉफ्टवेअर वाढवले. त्यात मुले पडद्यावर एक त्रिमितीय जग उभे करतात आणि त्यातल्या पात्रांना हलवतात, बोलायला लावतात. सूचना टंकलिखित करायच्या नसतात. तयार तुकडे माऊसने ओढून एकाखाली एक लावायचे. त्यामुळे अर्धविराम राहिला म्हणून काम अडले, असे होत नाही. मुलाचे सगळे लक्ष पात्राने आता काय करावे याकडे राहते.

कतारच्या शाखेतल्या प्राध्यापकांनी पुढे 'अ‍ॅलिस मिडल ईस्ट' हा प्रकल्प केला. साकिब रझाक आणि हुदा गेदावी यांची नावे त्यात आहेत. कतार नॅशनल रिसर्च फंडाचे साहाय्य त्याला मिळाले. त्यांच्या लक्षात आले की मूळ सॉफ्टवेअरमधली पात्रे आणि दृश्ये अमेरिकन मुलांच्या ओळखीची आहेत. म्हणून त्यांनी इथल्या मुलांच्या परिचयाची पात्रे आणि वस्तू तयार केल्या आणि माध्यमिक शाळांसाठी धडे लिहिले. याच शाखेचा 'माइंडक्राफ्ट' हा उपक्रमही शाळकरी मुलांना हाताने करून पाहण्याच्या कृतींमधून हा विषय भेटवतो.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, मुलाला ओळखीच्या वस्तूंपासून सुरुवात करू द्यावी. दुसरी अधिक महत्त्वाची. पडद्यावरचे पात्र चालता चालता भिंतीतून आरपार गेले, तर आपले चुकले हे मुलाला स्वतःच दिसते. शिक्षकाने लाल शाईने सांगावे लागत नाही.

कासव घरी परतले नाही

या कल्पनेचे मूळ जुने आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फ्यूर्झाइग यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात एक 'कासव' आले. 'पुढे जा', 'उजवीकडे वळ' अशा सूचना दिल्या की ते चालत चालत चित्र काढते. पॅपर्ट म्हणत, मुलाने कासवाच्या जागी स्वतःला ठेवून विचार करावा.

आम्ही संगणक न उघडता हेच केले. दिवाणखान्यातले टेबल हलवले, जमिनीवर चिकटपट्टी लावली आणि एका मुलाला कासव केले. चौरस लगेच जमला. पाच पावले पुढे, ९० अंश उजवीकडे, असे ४ वेळा. कासव जागेवर परत आले.

मग त्रिकोण. आमच्यात एक बारा वर्षांचा मुलगा आहे, वर्गात नेहमी पहिला. तो ताबडतोब म्हणाला, "समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंश. म्हणून पाच पावलं पुढे, ६० अंश वळ, असं ३ वेळा." छोटे कासव चालू लागले. तीन बाजू झाल्या आणि ते भलतीकडेच, सोफ्यापाशी जाऊन उभे राहिले. घरी परतलेच नाही.

बाकीची मुले हसली. तो मुलगा लालबुंद झाला. "माझं चुकलं," एवढेच म्हणाला आणि जाऊन भिंतीशी बसला. "पुन्हा सांग ना," म्हटले तर मान हलवली. जो कधीच चुकत नाही, त्याला चुकल्यावर पुढे काय करायचे हे कुणी शिकवलेलेच नव्हते.

माझा एक जुना हिशेब

त्याला तसे बसलेले पाहून मला एक फार जुनी गोष्ट आठवली. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

आम्ही संगणक शिकलो तो पंच कार्डांच्या काळात. एकेक ओळ एकेका कार्डावर. गठ्ठा संगणक केंद्राच्या खिडकीत द्यायचा आणि छापील कागद दुसऱ्या दिवशी घ्यायचा. एक भोक चुकले तर अख्खा दिवस वाया. चूक महाग होती, म्हणून आम्ही चुकांना घाबरायला शिकलो. पुढे शिक्षक झालो तेव्हा तीच भीती विद्यार्थ्यांना दिली.

एका वर्षी मी परीक्षेत एका मुलाला एका प्रश्नाला शून्य दिले. त्याचा प्रोग्राम आदर्श उत्तरासारखा नव्हता. खेड्यातून आलेला, अबोल मुलगा. तो माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, "सर, एकदा मशिनवर चालवून बघा ना." मी त्याला वेळ नाही असे सांगितले. दोन आठवड्यांनी एका रात्री, का कोण जाणे, मी तो चालवून पाहिला. बरोबर होता. माझ्या उत्तरापेक्षा चार ओळींनी लहानही होता. तोपर्यंत निकाल लागला होता. मी तो बदलून घेण्यासाठी काही केले नाही, आणि त्या मुलाला सांगितलेही नाही.

पॅपर्ट यांचे १९८० साली आलेले 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक मी त्यानंतर काही वर्षांनी वाचले. प्रोग्रामबद्दल 'बरोबर की चूक' असे विचारू नये, 'दुरुस्त कसा करता येईल' असे विचारावे, हा त्यातला विचार. तो वाचताना मला त्या मुलाचा चेहरा दिसत होता.

म्हणून त्या शुक्रवारी मी भिंतीशी बसलेल्या मुलाला म्हटले, "तुझा प्रोग्राम चुकीचा आहे की नाही, मला माहीत नाही. तो अजून पूर्ण चालवून कुठे बघितलाय? कासवा, थांबू नकोस."

चुकीतून निघालेला षटकोन

कासव पुन्हा निघाले. पाच पावले, ६० अंश. चौथी बाजू, पाचवी, सहावी. आणि ते नेमके सुरुवातीच्या पट्टीवर येऊन उभे राहिले. जमिनीवर सुंदर षटकोन उमटला होता.

मुलगा हळूच उठला. षटकोनाभोवती एक फेरी मारली. मग स्वतः कासव होऊन चालला, आणि एका कोपऱ्यात थबकून म्हणाला, "आजोबा, त्रिकोणाच्या आतला कोन ६० आहे. पण मी वळतो तो बाहेरचा कोन. १८० वजा ६०. म्हणजे १२०!" तीन वेळा १२० अंश वळल्यावर कासव घरी पोचले.

पुढचा शोध सगळ्यांनी मिळून लावला. चार वेळा ९०, सहा वेळा ६०, तीन वेळा १२०. गुणाकार दर वेळी ३६०. बंद आकृती काढून घरी परतायचे तर कासवाला एक पूर्ण गिरकी घ्यावीच लागते. मग एकाने विचारले, "दोन गिरक्या घेतल्या तर?" दोन गिरक्या म्हणजे ७२०. ते पाच वळणांत वाटले तर प्रत्येक वळण १४४ अंशांचे. चालून पाहिले, आणि जमिनीवर पाच टोकांची चांदणी तयार झाली. आपल्या आकाशकंदिलावर असते तशी.

लॅपटॉप आम्ही त्यानंतर उघडला. स्क्रॅच हे मुलांसाठीचे मोफत साधन एमआयटी मीडिया लॅबने २००७ साली आणले. त्यात मुलांनी हीच चांदणी काढली आणि तिला रंग दिले. पडद्यापर्यंत पोचेपर्यंत त्यांना काय हवे आहे हे पक्के ठाऊक होते.

भोके पाडलेला कागद

दिवाळी जवळ आली तशी आमच्या सौभाग्यवतींनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्याकडे आईने दिलेला एक कागद आहे. उदबत्तीने समान अंतरावर भोके पाडलेला. तो जमिनीवर ठेवून वरून रांगोळी पसरली की ठिपके आपोआप उमटतात. मी मुलांना म्हटले, "बघा, आजीने एकदाच मेहनत केली आणि आयुष्यभर वापरली." प्रोग्रामिंगमध्ये याला फंक्शन म्हणतात. एकदा लिहा, हवे तेव्हा हाक मारा.

मग एक ते पाच आणि पुन्हा एकपर्यंत अशा उतरत्या ठिपक्यांची रांगोळी मांडली. १, २, ३, ४, ५, ४, ३, २, १. एकूण ठिपके किती? मोजले तर २५. तीनपर्यंतच्या रांगोळीत ९, चारपर्यंतच्या रांगोळीत १६. "आजी, हे तर वर्ग आहेत!" सरबतवाली मुलगी ओरडली. असे का होते? आजीने कागद तिरका फिरवला. पाच ओळी, प्रत्येकीत पाच ठिपके. रांगोळी म्हणजे तिरका उभा केलेला चौरसच होता.

यात आणखी एक गोष्ट घडली, ती मी ठरवलेली नव्हती. ही मुले आपसात इंग्रजीत बोलतात. पण रांगोळी सांगणारी आजी मराठीत बोलते. "डावीकडचा तिसरा ठिपका, त्याच्या वरचा, दोन सोडून पुढचा" हे तिला मराठीत नेमके सांगावे लागले आणि त्यांना नेमके समजून घ्यावे लागले. सरबताच्या दिवशीही त्या मुलीच्या तोंडी आधी 'स्टर करा' आले होते. 'ढवळा' आणि 'दिसेनाशी' हे शब्द तिला शेजारी बसलेल्या तिच्या आजीने पुरवले. भाषेचा तास म्हणून बसवले असते तर ही मुले दहा मिनिटांत पळाली असती. इथे काम अडले होते, म्हणून शब्द हवे होते.

तिकडे महाराष्ट्रात

हे वेड माझ्या एकट्याचे नाही. आयआयटी मुंबईत प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तके तयार केली. कोणते बटण कुठे आहे यापेक्षा विचार कसा करावा यावर त्यांचा भर आहे. एसीएम इंडियाचा 'सीएसपाठशाला' हा उपक्रम २०१६ पासून शाळांमध्ये संगणकीय विचारपद्धती नेतो, आणि त्यातल्या कित्येक कृतींना संगणक लागतच नाही. त्यांच्यातर्फे भारतात 'बेब्रास' ही स्पर्धा होते. ती २००४ साली लिथुआनियात सुरू झाली, आणि तिथल्या भाषेत बेब्रास म्हणजे बीव्हर हा कष्टाळू प्राणी. तिची कोडी सोडवायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही, डोके लढवावे लागते.

भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कोडिंगच्या कृती मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावीपासून, सुचवल्या आहेत. सहावीपासून, वयाच्या सहाव्या वर्षापासून नव्हे. इथली आपली अनेक मुले सीबीएसईच्या शाळांत जातात, म्हणून पालकांनी हे लक्षात ठेवावे.

तर, क्लास लावू का?

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येतो.

मूल आठ वर्षांपेक्षा लहान असेल तर घाई नको. त्याच्याकडून रोबो होऊन सरबत करून घ्या. खेळणी आवरताना 'कोणती एकत्र ठेवायची आणि का' हे विचारा. कॉर्निशवर गाड्यांच्या रांगेत अडकलात तर १ ते १०० मधला आकडा मनात धरा आणि त्याला ओळखू द्या. तुम्ही फक्त 'मोठा' की 'लहान' एवढेच सांगायचे. दर वेळी उरलेल्यांच्या मधला आकडा विचारला तर जास्तीत जास्त ७ प्रश्नांत उत्तर सापडते. हे मुलाला स्वतः शोधू द्या, सांगू नका.

आठ-नऊ वर्षांनंतर स्क्रॅच उघडून द्या. ते फुकट आहे. त्यातून दिवाळीचे शुभेच्छापत्र किंवा आजीला पाठवायची छोटी गोष्ट करू द्या. आवड टिकली तर बाराव्या-तेराव्या वर्षी पायथन.

आणि क्लास लावायचाच असेल तर जरूर लावा, पण शिक्षकांना आधी एक प्रश्न विचारा. "मूल चुकलं की तुम्ही काय करता?" जे म्हणतील की आम्ही लगेच बरोबर उत्तर दाखवतो, त्यांच्याकडे पाठवू नका. जे म्हणतील की आम्ही त्याला कुठे चुकले ते शोधू देतो, त्यांच्याकडे खुशाल पाठवा. हाच प्रश्न एकदा स्वतःलाही विचारा. गुणपत्रिकेवरचा एक कमी गुण पाहून आपल्या कपाळावर आठी येते, ती मुलाला कासवाच्या वळणापेक्षा लवकर दिसते.

आज चूक फुकट झाली आहे. एक बटण दाबले की प्रोग्राम पुन्हा चालतो, कुणाचा दिवस वाया जात नाही. भीती मात्र पंच कार्डांच्या काळाइतकीच शिल्लक आहे. ती कमी झाली तर कोडिंग आपोआप येते, असा माझा अनुभव आहे. ती तशीच राहिली तर आलेले कोडिंगही फारसे उपयोगी पडत नाही.

यंदा मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात प्रवेशद्वाराशी आमची मुले रांगोळी काढणार आहेत. मोठ्या षटकोनात एक चांदणी. तिच्या पायऱ्या त्या बारा वर्षांच्या मुलाने एका कागदावर मराठीत लिहून काढल्या आहेत, म्हणजे कुणालाही वाचून ती काढता येईल. परवा त्याने कागद मला दाखवला. दोन-तीन ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहेत, ते मी तसेच ठेवले. सगळ्यात खाली त्याने स्वतःच्या मनाने एक ओळ घातली आहे: 'चूक सापडली तर मला सांगा, आपण दुरुस्त करू.'

येताना ती रांगोळी जरूर पाहा. आणि चूक सापडली तर त्याला सांगा.